किरणोत्सर्ग आणि अणुकेंद्रकाचे रसायन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रसायनशास्त्राच्या पुस्तकात हा धडा बहुधा शेवटी असतो आणि परीक्षेच्या घाईत उरकला जातो. पुढे तोच विषय आयुष्यात भलत्याच वाटांनी येतो. घरातल्या कुणाला थायरॉइडसाठी आयोडीनचा डोस सांगतात, आजोबांचा बोन स्कॅन निघतो, कांद्यावर किरणांचा मारा केल्याची बातमी वाचनात येते. अशा वेळी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. एखादी वस्तू किरणोत्सारी आहे एवढे कळले म्हणून घाबरायचे की निश्चिंत राहायचे, हे ठरत नाही. समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या न्यूट्रॉनसंख्येचा प्रकार) कोणते, किती, त्याचे अर्धायुष्य (निम्मे व्हायला लागणारा वेळ) किती, त्यातून बाहेर काय पडते आणि ते शरीराच्या आत आहे की बाहेर, हे कळल्याशिवाय मत बनवू नये.

नेहमीची रासायनिक अभिक्रिया आणि केंद्रकातली अभिक्रिया यांत फरक काय?

लोखंड गंजते, दूध नासते, गॅस जळतो, तेव्हा अणूंच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण होते. केंद्रकाला त्याचा पत्ताही नसतो. जळण्याआधी कार्बन होता, जळल्यावरही तो कार्बनच, फक्त ऑक्सिजनशी जोडलेला. केंद्रकीय अभिक्रियेत खुद्द प्रोटॉन आणि न्यूट्रॉनांची संख्या बदलते. प्रोटॉन बदलले की मूलद्रव्यच बदलते.

ऊर्जेतला फरक प्रचंड आहे. कार्बनचा एक अणू जळताना सुमारे ४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या पातळीवर ऊर्जा मोजायचे एकक) ऊर्जा मिळते. युरेनियम-२३५ चे एक केंद्रक दुभंगताना सुमारे २० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट मिळतात, म्हणजे जवळजवळ पाच कोटी पट. ही ऊर्जा वस्तुमानातून येते. दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन सुटे तोलले आणि त्यांचेच बनलेले हेलियमचे केंद्रक तोलले, तर केंद्रक पाऊण टक्क्याने हलके भरते. तेवढे वस्तुमान ते घडताना ऊर्जेच्या रूपाने बाहेर गेलेले असते.

काही केंद्रके टिकतात आणि काही का टिकत नाहीत?

केंद्रकात दोन बलांची रस्सीखेच चालू असते. प्रोटॉन एकमेकांना दूर ढकलतात. हे विद्युत प्रतिकर्षण लांबपर्यंत पोहोचते, त्यामुळे प्रत्येक प्रोटॉन बाकीच्या सगळ्या प्रोटॉनांना ढकलत असतो. त्यांना बांधून ठेवणारे केंद्रकीय बल फार तगडे आहे, पण त्याचा पल्ला अगदी तोकडा, शेजाऱ्यापुरताच. केंद्रक जसे मोठे होते तसे ढकलणारे वाढत जातात आणि धरणारे मात्र शेजारचेच राहतात. न्यूट्रॉन धरतात पण ढकलत नाहीत, म्हणून मोठ्या केंद्रकाला ते जास्त लागतात. कार्बन-१२ मध्ये सहा प्रोटॉनांना सहा न्यूट्रॉन पुरतात. शिसे-२०८ मध्ये ८२ प्रोटॉनांना १२६ न्यूट्रॉन लागतात.

शिशाच्या पलीकडे कितीही न्यूट्रॉन घातले तरी केंद्रक कायमचे टिकत नाही. बिस्मथ-२०९ स्थिर आहे असे कित्येक पिढ्या शिकवले गेले. २००३ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचाही अल्फा ऱ्हास, म्हणजे अल्फा कण सोडून दुसरे मूलद्रव्य होणे, मोजून दाखवला. त्याचे अर्धायुष्य विश्वाच्या वयाच्या अब्जपटीहून जास्त आहे, त्यामुळे व्यवहारात बिस्मथ स्थिर मानायला हरकत नाही. उलट टेक्नेशियम (अणुअंक, म्हणजे प्रोटॉनांची संख्या, ४३) आणि प्रोमेथियम (६१) ही मधलीच मूलद्रव्ये, पण त्यांचे एकही समस्थानिक स्थिर नाही.

अल्फा, बीटा आणि गॅमा म्हणजे नेमके काय बाहेर पडते?

अल्फा म्हणजे हेलियमचे केंद्रक, दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉनांची घट्ट गाठ. ते जड आणि दुप्पट प्रभाराचे असल्याने वाटेतल्या अणूंशी सतत झटते. हवेत काही सेंटिमीटर गेले की थांबते, कागदाने अडते, त्वचेच्या वरच्या मृत थरातही अडते. म्हणून बाहेरून ते जवळपास निरुपद्रवी असते. तेच श्वासातून फुप्फुसात गेले तर सगळी ऊर्जा काही पेशींच्या जाडीत ओतते आणि तिथे ते सर्वांत घातक ठरते.

बीटा म्हणजे केंद्रकातून सुसाट निघालेला इलेक्ट्रॉन. तो केंद्रकात आधीपासून बसलेला नसतो. एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि त्या क्षणी इलेक्ट्रॉन जन्माला येतो. सोबत आणखी एक कण निघतो. बीटा कणांची ऊर्जा दर वेळी वेगवेगळी का भरते, हे कोडे सोडवण्यासाठी वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये तो कण नुसता कल्पिला. न्यूट्रिनो कुळातला तो कण प्रत्यक्ष हाती लागायला १९५६ साल उजाडले. बीटा काही मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमने अडतो. ज्या केंद्रकात प्रोटॉन जास्त झालेले असतात तिथे उलटा प्रकार घडतो. प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि पॉझिट्रॉन, म्हणजे धन प्रभाराचा इलेक्ट्रॉन, निघतो, किंवा केंद्रक आपल्याच आतल्या कक्षेतला एक इलेक्ट्रॉन गिळते.

गॅमा हा कण नाही, प्रकाशाच्याच जातीचा अतिऊर्जेचा किरण. ऱ्हासानंतर केंद्रक उत्तेजित राहिलेले असते, ते शांत होताना गॅमा सोडते. त्याला ठराविक भिंतीशी पूर्ण थांबवता येत नाही, क्षीण करता येते. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची तीव्रता निम्मी करायला सव्वा सेंटिमीटरच्या आसपास शिसे लागते. आणखी तेवढेच शिसे ठेवले की पाव उरते, आणि असेच पुढे.

समीकरण जुळवायचे कसे?

दोन बेरजा जुळल्या पाहिजेत, अणुवस्तुमानांकांची (प्रोटॉन आणि न्यूट्रॉन मिळून; नावापुढचा आकडा हाच) आणि अणुअंकांची. रेडियम-२२६ चा अणुअंक ८८. अल्फा जाताना ४ आणि २ घेऊन जातो, उरले २२२ आणि ८६. अणुअंक ८६ म्हणजे रेडॉन. बीटा ऱ्हासात वस्तुमानांक तोच राहतो आणि अणुअंक एकाने वाढतो, म्हणून कार्बन-१४ चा नायट्रोजन-१४ होतो. गॅमाने दोन्ही तसेच राहतात. परीक्षेसाठी एवढे पुरते.

हा शोध अपघाताने लागला, हे खरे का?

अर्धेच खरे. फेब्रुवारी १८९६ च्या शेवटी पॅरिसमध्ये ढगाळ हवा होती. आंरी बेक्वेरेल यांना युरेनियमचा क्षार उन्हात ठेवून प्रयोग करायचा होता. ऊन नसल्याने क्षार आणि काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची काच त्यांनी तशीच खणात ठेवून दिली. १ मार्चला ती काच धुतली तेव्हा तिच्यावर क्षाराची गडद छाया उमटली होती. ढग हा अपघात म्हणा. पण उन्हाशिवाय काही उमटणारच नाही असे गृहीत धरण्याजोगी ती काच त्यांनी धुऊन पाहिली आणि जे दिसले त्याचा पाठपुरावा केला, याला अपघात म्हणणे अन्यायाचे आहे.

मेरी आणि पियेर क्युरी यांनी पुढे पिचब्लेंड या खनिजाची नुसत्या युरेनियमपेक्षा जास्त सक्रियता पाहून त्यात आणखी काहीतरी असले पाहिजे असा तर्क केला आणि १८९८ मध्ये पोलोनियम व रेडियम जाहीर केले. त्यांची पद्धत रसायनाची होती. विरघळवायचे, साका बसवायचा, गाळायचे, आणि सक्रियता कोणत्या भागात गेली ते विद्युतमापकाने पाहायचे. आजही केंद्रकीय रसायनाची मूळ रीत हीच आहे.

अर्धायुष्य म्हणजे काय? अर्धेच का मोजतात, पूर्ण का नाही?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वर्गात शंभर नाणी घ्या. सगळी एकदम उडवा, छापा पडलेली बाजूला काढा, उरलेली पुन्हा उडवा. पहिल्या फेरीत पन्नासच्या आसपास उरतील, मग पंचवीस, मग बाराएक. कोणते नाणे केव्हा बाद होईल हे कुणी सांगू शकत नाही, पण दर फेरीत निम्मी जाणार हे सांगता येते. आणि चार फेऱ्या टिकलेले नाणे पाचव्या फेरीत जास्त थकलेले नसते. त्याला बाद होण्याची शक्यता तेवढीच, निम्मी.

किरणोत्सारी अणूंचे अगदी असेच असते. अणू म्हातारा होत नाही. चार अब्ज वर्षांपूर्वीचा युरेनियमचा अणू आणि कालच ऱ्हासातून जन्मलेला त्याच जातीचा अणू, दोघांचा पुढच्या क्षणी ऱ्हास होण्याची शक्यता तंतोतंत सारखी. म्हणून 'पूर्ण आयुष्य' या कल्पनेला अर्थच उरत नाही. शेवटचा अणू कधी जाईल ते सांगता येत नाही. संख्या निम्मी व्हायला लागणारा वेळ मात्र पक्का असतो. ही कल्पना अर्नेस्ट रदरफोर्ड आणि त्यांचे तरुण रसायनतज्ज्ञ सहकारी फ्रेडरिक सॉडी यांच्या कॅनडातल्या मॉन्ट्रिअलच्या कामातून विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली.

हिशेब करून पाहा. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य आठ दिवस. आठ दिवसांनी निम्मे, सोळा दिवसांनी पाव, चोवीस दिवसांनी एक अष्टमांश. ऐंशी दिवसांनी दहा अर्धायुष्ये झाली, म्हणजे १०२४ वा भाग उरला. दहा अर्धायुष्यांत मूळच्या एक सहस्रांशाच्या आसपास उरते, एवढे लक्षात ठेवले की बातमीतल्या कुठल्याही समस्थानिकाचा अंदाज मनातल्या मनात काढता येतो.

तापवून, गोठवून किंवा आम्लात विरघळवून हा वेग बदलता येतो का?

नाही. रेडियम धातू असो, क्लोराइड असो वा सल्फेट, भट्टीत असो वा द्रव हवेत, त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षेच राहते. किरणोत्सारी कचरा जाळला तर कार्बन जळेल, किरणोत्सर्ग राखेत आणि धुरात तसाच राहील. पाणी उकळल्याने जंतू मरतात, सीझियम जात नाही.

अपवाद आहेत आणि ते सुंदर आहेत. ज्या ऱ्हासात केंद्रक आपल्याच कक्षेतला इलेक्ट्रॉन गिळते, तिथे इलेक्ट्रॉनांची मांडणी बदलली तर वेगात किंचित फरक पडतो. बेरिलियम-७ मध्ये तो टक्क्याच्या आतबाहेर असतो. खरा चमत्कार ऱ्हेनियम-१८७ चा. साध्या अणूत त्याचे अर्धायुष्य ४,००० कोटी वर्षांहून जास्त. जर्मनीत डार्मस्टाट इथे त्याचे सगळेच्या सगळे, ७५ इलेक्ट्रॉन काढून नुसती केंद्रके यंत्राच्या वर्तुळाकार नळीत फिरवली, तेव्हा अर्धायुष्य ३३ वर्षांवर आले. ताऱ्यांच्या पोटात अशी उघडी केंद्रके असतात, तिथे हा फरक खरोखर पडतो. आपल्या भट्ट्यांत पडत नाही.

युरेनियमचे शिसे होते म्हणजे कसे?

एका झटक्यात होत नाही. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे, जवळपास पृथ्वीच्या वयाएवढे. म्हणजे पृथ्वी घडताना जेवढे होते त्याच्या निम्मे आज उरले आहे. त्याचा अल्फा ऱ्हास होऊन थोरियम-२३४ बनते. ते २४ दिवसांत निम्मे होते. पुढे प्रोटॅक्टिनियम, पुन्हा युरेनियम (या वेळी २३४), थोरियम-२३०, मग रेडियम-२२६. आतापर्यंत सगळे घन आणि दगडात अडकलेले. रेडियमचे रेडॉन-२२२ होते आणि इथे मालिका वेगळे वळण घेते, कारण रेडॉन वायू आहे. तो दगडमातीच्या फटींतून वर येतो, बंद तळघरात साठतो. त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवस, बाहेर निसटायला पुरेसे. फुप्फुसात शिरलेला बराचसा रेडॉन पुन्हा उच्छ्वासातून जातो. त्रास त्याच्या वंशजांचा आहे. पोलोनियम-२१८, शिसे-२१४, बिस्मथ-२१४, पोलोनियम-२१४ हे सगळे घन, धुळीच्या कणांना चिकटणारे, आणि त्यांतले दोन्ही पोलोनियम अल्फा सोडणारे. पोलोनियम-२१४ तर सेकंदाच्या सहा-हजाराव्या भागात निम्मे होते. त्यानंतर शिसे-२१० वर बावीसएक वर्षांचा मुक्काम, मग बिस्मथ-२१०, पोलोनियम-२१० आणि अखेर शिसे-२०६, जे स्थिर आहे.

एकूण आठ अल्फा आणि सहा बीटा. पडताळा घ्या. आठ अल्फांनी वस्तुमानांक ३२ ने घटून २०६ झाला. अणुअंक ९२ मधून १६ गेले, सहा बीटांनी ६ परत आले, ८२ झाले. शिसे.

अर्धायुष्य जितके मोठे तितका धोका जास्त ना?

हा गैरसमज फार खोल रुजलेला आहे आणि बातम्यांनी तो वाढवला आहे. 'कोट्यवधी वर्षे टिकणारा किरणोत्सर्ग' हे ऐकायला भयानक वाटते, पण एवढा काळ टिकतो याचा अर्थच असा की तो अत्यंत सावकाश बाहेर पडतो. एक ग्रॅम युरेनियम-२३८ मध्ये सेकंदाला सुमारे १२,४०० ऱ्हास होतात. एक ग्रॅम रेडियममध्ये सुमारे ३,७०० कोटी. एक ग्रॅम कोबाल्ट-६० मध्ये, ज्याचे अर्धायुष्य अवघे सव्वापाच वर्षे, रेडियमच्याही हजारपट.

अतिशय अल्पायुषी समस्थानिके तीव्र असतात पण लवकर संपतात. अतिशय दीर्घायुषी क्षीण असतात. मधली सर्वांत त्रासदायक. सीझियम-१३७ (३० वर्षे) आणि स्ट्रॉन्शियम-९० (सुमारे २९ वर्षे) पुरेशी तीव्रही आहेत आणि माणसाच्या आयुष्यभर पुरणारीही. त्यातही सीझियम शरीरात पोटॅशियमसारखे वागून स्नायूंत पसरते आणि स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या जागी हाडांत बसते. म्हणजे धोका नुसत्या केंद्रकावर ठरत नाही, आवर्त सारणीतल्या खान्यावरही ठरतो. रसायन शिकणाऱ्याने हे विसरू नये.

सह्याद्रीचे वय कार्बन-१४ ने काढले आहे का?

नाही, काढताच येणार नाही. कार्बन-१४ वातावरणात वैश्विक किरणांमुळे सतत बनते आणि जिवंत वनस्पती-प्राण्यांत भरत राहते. जीव गेला की भरणे थांबते आणि ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने ते घटू लागते. शिकागोत विलर्ड लिबी यांनी ही पद्धत बसवली, त्यांना १९६० चे रसायनाचे नोबेल मिळाले. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे मोजण्याजोगे काही उरतच नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. १६०० ते ७०० च्या दरम्यानची. अशा वस्तीतला चुलीचा कोळसा, जळके धान्य ही कार्बन-१४ ची खरी जागा.

सह्याद्रीचा काळा खडक म्हणजे बेसॉल्ट. तो कधी जिवंत नव्हता आणि तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा आहे. त्याला लांब पल्ल्याची घड्याळे लागतात. एक पोटॅशियम-४० चे. त्याचा काही भाग इलेक्ट्रॉन गिळून आर्गॉन-४० होतो. वितळलेल्या लाव्ह्यातून आधीचा आर्गॉन उडून गेलेला असतो, त्यामुळे थिजल्यानंतर स्फटिकात अडकलेला आर्गॉन मोजला की वय मिळते. दुसरे घड्याळ त्याहून नेमके. घाटरस्त्याच्या कापलेल्या कड्यात काळ्या थरांच्या मध्ये तांबड्या मातीचे पट्टे दिसतात ना, ते दोन उद्रेकांच्या मधल्या काळातले आहेत. त्यांतल्या काहींत झिर्कॉनचे केसाच्या जाडीचे स्फटिक सापडले. झिर्कॉन घडताना युरेनियमला आत घेतो आणि शिशाला जवळपास येऊ देत नाही. त्यामुळे आज आत जे शिसे आहे ते तिथेच युरेनियमपासून झालेले. त्यातही युरेनियम-२३८ चे शिसे-२०६ आणि युरेनियम-२३५ चे शिसे-२०७ अशी दोन स्वतंत्र घड्याळे एकाच स्फटिकात चालतात आणि एकमेकांना पडताळतात. पुढच्या वेळी घाट चढताना गाडी सुरक्षित जागी थांबवून तो तांबडा पट्टा जरूर पाहा.

माणसाला किरणोत्सर्ग निर्माण करता येतो का?

येतो, आणि ते प्रथम सिद्ध झाले तो प्रयोग मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो. १९३४ च्या आरंभी आयरीन आणि फ्रेडरिक जोलिओ-क्युरी यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियममधल्या अल्फा कणांचा मारा केला. मारा थांबवल्यावरही पत्रा काही मिनिटे किरण सोडत राहिला. ॲल्युमिनियमचे किरणोत्सारी फॉस्फरस-३० झाले असावे, असा त्यांचा अंदाज. पण सिद्ध कसे करणार? फॉस्फरसचे अणू मोजके, तराजूत येणार नाहीत, आणि तीनएक मिनिटांत निम्मे नाहीसे. त्यांनी पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लात टाकला. ॲल्युमिनियम द्रावणात गेले, हायड्रोजनचे बुडबुडे सुटले, ते नळीत गोळा केले आणि किरण मोजणारा गणक नळीजवळ नेला. सक्रियता द्रावणात नव्हती, वायूसोबत आली होती. फॉस्फरसचा हायड्रोजनशी वायू बनतो, ॲल्युमिनियमचा असा बनत नाही. सारे काही मिनिटांत आटपायचे होते. पुढच्याच वर्षी दोघांना रसायनाचे नोबेल मिळाले.

अणुविखंडनाचा शोध भौतिकशास्त्रज्ञांनी लावला ना?

पुरावा रसायनतज्ज्ञांनी दिला. डिसेंबर १९३८, बर्लिन. ओटो हान आणि फ्रिट्झ स्ट्रासमान युरेनियमवर न्यूट्रॉनांचा मारा करून रेडियम बनले का ते शोधत होते. रेडियम वेगळे काढायला त्याच कुळातले बेरियम 'वाहक' म्हणून घालत. मग टप्प्याटप्प्याने स्फटिक पाडून दोघांना वेगळे करायचे. खरे रेडियम असे वेगळे होते. हे 'रेडियम' काही केल्या बेरियमपासून सुटेना, कारण ते बेरियमच होते. ९२ चे ५६ होणे म्हणजे केंद्रक दुभंगणे. हान यांनी हे लिझे माइटनर यांना पत्राने कळवले. ज्यू वंशाच्या असल्यामुळे त्यांना त्याच वर्षी जर्मनी सोडून स्वीडनला जावे लागले होते. त्यांनी आणि त्यांचे भाचे ओटो फ्रिश यांनी नाताळच्या सुमारास त्याचा भौतिक अर्थ लावला आणि ऊर्जेचा हिशेब मांडला. १९४४ चे रसायनाचे नोबेल एकट्या हान यांना मिळाले. माइटनर यांना ते नाकारले जाणे हा उघड अन्याय होता, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोन स्कॅनसाठी शरीरात किरणोत्सारी औषध टोचतात. ते किती दिवस राहते?

बहुतेक वेळा ते टेक्नेशियम-९९एम असते. अर्धायुष्य सहा तास. सकाळी नऊला टोचले तर दुपारी तीनला निम्मे, रात्री नऊला पाव, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सोळावा भाग. लघवीवाटे जाते ते वेगळेच. ते जवळजवळ फक्त गॅमा सोडते, म्हणून कॅमेऱ्याला दिसते आणि ऊतींत फारशी ऊर्जा सोडत नाही.

सहा तासांत निम्मे होणारे औषध साठवणार कसे? त्याची आई आणून ठेवतात. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य ६६ तास. शिशाच्या जाड वेष्टनात एक बारीक काचेची नळी, तिच्यात ॲल्युमिनाची (ॲल्युमिनियम ऑक्साइडची) पूड, तिला चिकटलेले मॉलिब्डेनम. सकाळी तंत्रज्ञ एका बाजूला सलाइनची बाटली लावतो, दुसऱ्या बाजूला शिशाच्या कवचातली निर्वात बाटली. निर्वातामुळे सलाइन नळीतून ओढले जाते. मॉलिब्डेनम ॲल्युमिनाला धरून राहते आणि रात्रभरात तयार झालेले टेक्नेशियम सलाइनसोबत उतरते. याला विभागात 'मिल्किंग' म्हणतात. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच. आठवडाभराने हा संच, म्हणजे जनरेटर, बदलायचा.

घरी कुणाला थायरॉइडसाठी आयोडीन-१३१ दिले आहे. जवळ जायचे की नाही?

आयोडीन शरीरात थायरॉइडमध्येच जमते, त्यामुळे गोळी आपोआप योग्य जागी पोहोचते. तिथे तिचे बीटा कण फार तर दोनएक मिलिमीटर जातात आणि ग्रंथीच्या पेशी मारतात. उपचार होतो तो यांनीच. सोबतचा गॅमा शरीराबाहेर येतो, म्हणून काही दिवस अंतर राखायला सांगतात. किती दिवस, हे डोसवर अवलंबून आहे आणि ते डॉक्टरांनी लिहून दिलेलेच पाळावे. साधारण पथ्ये अशी : वेगळी खाट, लहान मुले आणि गरोदर बायकांपासून लांब, भरपूर पाणी, संडास वापरल्यावर दोनदा पाणी सोडणे, टॉवेल-भांडी वेगळी. आई अंगावर पाजत असेल तर डोसच्या आधीच डॉक्टरांना सांगितले पाहिजे, स्तनपान थांबवावे लागते.

ही पथ्ये म्हणजे विटाळ नव्हे. त्या माणसाला जेवण हातात द्या, दाराशी उभे राहून गप्पा मारा. अंतर दुप्पट केले की किरणांची तीव्रता चौथाई होते, तेवढे पुरते.

लासलगावला किरणांचा मारा केलेला कांदा किरणोत्सारी होतो का?

होत नाही आणि त्याचे नेमके कारण आहे. तिथल्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात, ऊर्जा ११.७ आणि १३.३ लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट. एखादे केंद्रक किरणोत्सारी करायचे तर त्यातून न्यूट्रॉन उपटावा लागतो आणि अन्नातल्या कार्बन, ऑक्सिजन, नायट्रोजनमधून तो उपटायला याच्या कित्येक पट ऊर्जा लागते. हे किरण इलेक्ट्रॉन उडवतात, कोंबातल्या विभागणाऱ्या पेशींचा डीएनए मोडतात, त्यामुळे कांद्याला मोड येत नाहीत. कांद्याला १०० ग्रेहूनही कमी मात्रा पुरते. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंबा पुन्हा घ्यायला सुरुवात केली तेव्हा तो इथूनच मारा करून गेला. आंब्यातल्या किडीसाठी किमान ४०० ग्रेची अट होती. कांदा स्रोताला कुठेही शिवत नाही, त्यामुळे त्याला काही चिकटतही नाही.

बेक्वेरेल, ग्रे, सीव्हर्ट : कोणते एकक कशाचे?

बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक ऱ्हास. ग्रे म्हणजे एक किलो पदार्थात शोषली गेलेली एक जूल ऊर्जा. सीव्हर्टमध्ये त्या ऊर्जेने जिवंत शरीराला किती अपाय संभवतो ते येते. निसर्गातून माणसाला जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट मिळतात. 'हजारो बेक्वेरेल' असा मथळा वाचला तर दचकू नका. प्रौढ माणसाच्या शरीरात एकट्या पोटॅशियम-४० चेच सेकंदाला सुमारे चार हजार ऱ्हास होत असतात.

मग नैसर्गिक किरणोत्सर्ग सगळीकडे सारखाच असतो का?

नाही. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये युरेनियम-थोरियम कमी, म्हणून आपल्याकडे जमिनीतून येणारा गॅमा कमी. केरळात कोल्लम जिल्ह्याच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिच्यात थोरियम भरपूर. करुनागप्पळ्ळी तालुक्यात पिढ्यान्‌पिढ्या लोक कित्येक पट मात्रेत राहतात. तिथल्या दीर्घकाळच्या पाहणीत त्यामुळे कर्करोग वाढल्याचे आढळले नाही.

एक्स-रे काढल्यावर अंगात किरण राहतात का?

राहत नाहीत. यंत्राचा वीजपुरवठा थांबला की एक्स-रेही थांबले. एमआरआय आणि मोबाइल यांचा तर या विषयाशी संबंधच नाही. त्यांच्या लहरींत अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते.

भंगारात जड, शिशाचे डबे किंवा तीन पाकळ्यांचे चिन्ह असलेले यंत्र आले तर काय करायचे?

उघडू नका, कापू नका, हलवू नका. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात एका शिक्षणसंस्थेने लिलावात काढलेले जुने गॅमा यंत्र कामगारांनी फोडले. आत कोबाल्ट-६० च्या कांड्या होत्या. यंत्र १९७० च्या सुमाराचे, म्हणजे साडेसात अर्धायुष्ये उलटली होती आणि सक्रियता मूळच्या सुमारे दोनशेव्या भागावर आली होती. तेवढ्यानेही अनेकांना बाधा झाली आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या धातूला वास नव्हता, तो गरम लागत नव्हता, चमकतही नव्हता.

अशी वस्तू दिसली तर सगळ्यांना लांब न्या आणि कुणाला जवळ फिरकू देऊ नका. पोलिसांना ११२ वर कळवा आणि 'किरणोत्सारी स्रोत असू शकतो' हे शब्द स्पष्ट सांगा, म्हणजे ते मुंबईतल्या अणुऊर्जा नियामक परिषदेपर्यंत निरोप पोहोचवतील. कुणी हाताळली असेल तर त्याने कपडे काढून पिशवीत बांधावेत, साबणाने हात धुवावेत. नंतर उलट्या सुरू झाल्या किंवा हातावर भाजल्यासारखे डाग उठले, तर रुग्णालयात गेल्यावर पहिल्याच वाक्यात त्या वस्तूचा उल्लेख करावा. मायापुरीतले रुग्ण आले तेव्हा डॉक्टरांसमोर फक्त लक्षणे होती, कारण पुढे कळले.